पुसण्याआधी पुसावे

३ नोव्हेंबर, सोमवार
नवं काम हातात. नोंदी उडवायच्या साधनाची माहिती लिहायची. वाचणारा माणूस नाही, एजंट आहे. कॉम्प्युटरातला. सकाळी चहाला आमच्या वकीलसाहेबांना, म्हणजे नवऱ्याला, म्हटलं, मी आता एजंटांसाठी लिहिते. म्हणाले, "कोणता? प्लॉटिंगचा का आरटीओचा?" एजंट म्हटलं की बीडमध्ये माणूस आधी खिसा चाचपतो. मग समजावलं. शेळ्या-मेंढ्या राखणारे लोक फोनवर बोलतात, हा ऐकतो आणि नोंदी ठेवतो. शेळी व्याली, लस झाली, बोकड विकला. नोंद भरायला एक साधन, शोधायला दुसरं, उडवायला तिसरं. कुठलं कधी उचलायचं ते एकेका पानावर लिहिलेलं असतं आणि तो दर वेळी पान वाचूनच हात घालतो. ती पानं माझी.
"दर वेळी वाचतो?"
"शेवटच्या ओळीपर्यंत."
"नवऱ्यानंसुद्धा तुझं इतकं वाचलेलं नाही."
खरं आहे. बारा वर्षं जिल्ह्याच्या पेपरात दर रविवारी लोकांना टोचलं. लोकांनी काय वाचलं, तर आपलं नाव आलंय का तेवढं.

४ नोव्हें., मंगळ.
फरहानाशी वाद. कंपनी म्हणजे कोचिंग क्लासच्या वरच्या दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांतलं डोकं म्हणजे फरहाना. प्रोग्राम ती लिहिते, मराठी मी. तिचं म्हणणं, साधनाला सरळ 'डिलीट' म्हणू. मी म्हटलं, शेळ्या राखणाऱ्या बाईच्या तोंडी डिलीट घालायचं?
"ताई, त्यांच्या तोंडात कवाचं आहे ते. माझी नानी पण म्हणते, डिलीट मार."
ऐकलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या मराठीला नावं ठेवली, आता स्वतःच्या पानावर डिलीट लिहू? 'काढणे' ठेवलं. साधा, घरचा शब्द. पानाची सुरुवात अशी:
"नोंद काढायला सांगितली असता हे साधन वापरावे. काढलेली नोंद परत येत नाही."
दोन वाक्यं. एक अक्षर जास्तीचं नाही. स्वतःवर बेहद्द खूश. खाली क्लासमधली साठ पोरं एका सुरात कसलं तरी सूत्र म्हणत होती, तेसुद्धा गोड वाटलं.

६ नोव्हें., गुरु.
खोट्या कळपावर चाचणी. पानाच्या तळाशी सवयीनं एक टोमणा मारून ठेवला होता: "फारच घाई असेल तर सगळा कळप एका दमात काढावा आणि मग बसावे हवा खात."
फ.नं सांगितलं, "घाई आहे, मेलेल्या दोन शेळ्या काढून टाक."
एजंटनं चाळीसच्या चाळीस उडवल्या. वर नम्रपणे कळवलं: सूचनेप्रमाणे संपूर्ण कळप काढला आहे, पुढची सूचना हवा खाण्याची आहे, परंतु त्यासाठी माझ्याकडे साधन नाही.
फ. टेबलावर डोकं ठेवून हसत होती. उपहास न कळणारे वाचक मला नवे नाहीत, पण ते बिचारे पेपर चुरगाळून गप्प बसत. हा अंमलबजावणी करतो.
टोमणा खोडला. पानात आता टोमणा नाही, म्हणजे मी नाही. विचित्र हलकं वाटलं.

८ नोव्हें., शनि.
फ.च्या स्कूटीवर मागे बसून नारायणगडाच्या बाजूला. चाचणीसाठी खरा कळप एकच घेतलाय, सुंदराबाईंचा. एक्केचाळीस शेळ्या, बहुतेक सगळ्या काळ्याभोर उस्मानाबादी. बाई साठीच्या, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला. त्यांचं आणि एजंटचं बोलणं ऐकलं:
"ऐक रे. टिकली व्याली. दोन. येक नर, येक मादी."
"टिकलीची दोन करडं नोंदवली. टिकलीची आई राणी. बरोबर?"
"बरोबर हाय. हुशार हायेस."
घरात सुनेशी इतकं सरळ बोलत असतील असं वाटत नाही.
मला म्हणाल्या, "वकिलीणबाई, आदी समदं तोंडपाट व्हतं. कोन कोनाची, पार पणजीपस्तोर. आता ह्यो हाय तवा सोडून दिलं. डोस्कं लई हलकं झालं बगा."
मी म्हटलं, छान झालं. (हे वाक्य लक्षात ठेवावं लागेल असं तेव्हा वाटलं नाही.)
२४ तारखेला पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर येणार आहेत. जातिवंत पैदाशीचा कळप म्हणून निवड करायची आहे, तीन पिढ्यांची लेखी नोंद लागते. राणी पहिली पिढी, तिच्या मुली दुसरी, आणि मुली यंदा पहिल्यांदाच व्यायल्यात, ती करडं तिसरी. निवड झाली तर मुलगा चाकणहून येऊन शेड घालून देणार आहे. नाही झाली तर संक्रांतीनंतर कळप विकायचा. असं मायलेकाचं ठरलंय. "त्येचं बी खरं हाय," म्हणाल्या, "मला उटाया येत न्हाई." पण हे म्हणताना उठल्याच, एका शेळीला हाकलायला.
राणीला बघितलं. म्हातारी, अर्धा कान फाटलेला, सगळ्यांच्या पुढे बसते. आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा आठवल्या.

११ नोव्हें., मंगळ.
पान लागू झालं. काही विशेष नाही. वांगी कोवळी मिळाली. वकीलसाहेबांनी भाकरीचा तिसरा चतकोर न मागता घेतला, म्हणजे भाजी जमली.

१३ नोव्हें., गुरु.
दुपारी सुंदराबाईंचा फोन.
"वकिलीणबाई, तुमचं ह्ये येडं झालंय का? मी म्हनलं, माज्या शेळ्यांच्या नोंदी काढ, पोराला वाचून दावायच्यात. तर म्हनतंय, काढल्या. मी म्हनलं, कुटं हायेत? तर म्हनतंय, न्हाईत."
आधी हसू आलं. वाक्य चांगलं होतं, जुन्या सवयीनं टिपायला पेनसुद्धा उचललं.
मग फ.नं स्क्रीन माझ्याकडे वळवली. सुंदराबाईंच्या नावासमोर शून्य.

१४ नोव्हें., शुक्र.
फ.नं सगळा संवाद वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, नोंदी काढ. एजंटनं माझं पान उघडलं. "नोंद काढायला सांगितली असता हे साधन वापरावे." वापरलं. "काढलेली नोंद परत येत नाही." आली नाही. माझी दोन्ही वाक्यं खरी ठरली.
काढणे. अरे देवा. सातबारा काढतात, नक्कल काढतात, फोटो काढतात, दूध काढतात, पोरगं शिकलं की घराण्याचं नाव काढतं. तलाठ्याला सातबारा काढ म्हटल्यावर तलाठी सातबारा फाडत नाही. कारण त्यानं माझं पान वाचलेलं नसतं. घरचा शब्द म्हणून घेतला, आणि त्या घरात माणसं 'काढ' म्हणजे 'समोर आण' म्हणतात, हे मीच विसरले. बीडमध्ये जन्मून.
वकीलसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पन्नास वर्षं मी कोर्टात नकला काढतोय, एक तरी पुसली गेली का?" समजूत घालायची ही त्यांची पद्धत.
फ.नं 'डिलीट' हा शब्द दिवसभरात एकदाही उच्चारला नाही. हे जास्त लागलं.

१५ नोव्हें., शनि.
सांगायला गेले. एकटी, एस.टी.नं, फाट्यावरून चालत. वाटभर वाक्यं जुळवली, सगळीच फार चांगली झाली म्हणून टाकून दिली.
सुंदराबाई राणीच्या पायाला हळद लावत होत्या.
"तुमी लिवलं व्हतं का त्ये?"
"मी लिहिलं."
"मंग त्येची चूक न्हाई."
"नाही."
"परवापून नुसत्या शिव्या घालतीय मी त्येला." हळदीचं बोट माझ्याकडे करून, "तुमाला घालाया पायजेत."
"घाला."
घातल्या नाहीत. हळद लावून झाली, हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "येक सांगते. चूक झाली तं झाली. पन मला पुसायचं व्हतं की वं. येवडा कळप घालवायला निगाला, तं मानूस येकदा पुसतो. आमी बोकड इकायचा तरी घरात चौघांला पुसतो."
मान खाली घालून ऐकलं. मुलाचा फोन आला, बाहेर जाऊन बोलल्या. आवाज येत होता. "आता कशापायी इकतो? चोवीस तारीख जाऊ दे. मंग बग." फोन ठेवून आल्या आणि मला चहा केला. शेळीच्या दुधाचा. प्यायले. 

१७ नोव्हें., सोम.
फ. देवमाणूस आहे. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवते. कुणी सांगितलेलं नाही, आईची लोणच्याची सवय म्हणते, एक बरणी वेगळीच. ३१ ऑक्टोबरपर्यंतचं सगळं परत आलं. एक्केचाळीस शेळ्या, राणी, राणीच्या मुली, लसी, सगळं.
नोव्हेंबर नाही; बोललेले संवाद प्रोग्राम एका दिवसापलीकडे ठेवत नाही. नोव्हेंबरात नऊ करडं झाली, आणि तिसरी पिढी म्हणजे नेमकी तीच नऊ.
फोनवर विचारलं, कोणतं कोणाचं ते सांगता येईल का. एकेक नाव पुटपुटून बघितलं. मग, "दोन-तीन सांगंन. बाकी समदी काळी, येका घानीची. मी त्येच्यावर सोडून दिलतं ना."
मला माझं 'छान झालं' आठवलं.
त्या पुढे म्हणाल्या, "उद्या दिस कलल्यावर या. त्या पोरीला बी आना. फोन आना."
काय करणार ते सांगितलं नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवते.
पाच वाजता शेळ्या माळावरून परतल्या. करडं दिवसभर बांबूच्या डालाखाली झाकून ठेवलेली, भुकेनं ओरडत होती. आयांचे सड तटतटलेले, त्याही ओरडत होत्या. सुंदराबाई डालाशी बसल्या, डाल थोडं उचलून एक करडू बाहेर सोडलं. "लिवा."
करडू सरळ पळत सुटलं. एक्केचाळीस शेळ्या, सगळ्या काळ्या, माझ्या डोळ्यांना सगळ्या सारख्या. ते सगळ्यांच्या पायांखालून गेलं आणि एकीच्या कासेला लागलं. तिनं वळून शेपटीखाली हुंगलं, आणि उभी राहिली.
"नकटीचं," सुंदराबाई म्हणाल्या.
फ. फोन धरून उभी होती. एजंट म्हणाला, "नकटीचं एक करडू नोंदवलं. नर की मादी?"
"मादी हाय. कपाळाव ठिपका."
दुसरं सोडलं. ते चुकून चांदीकडे गेलं. चांदीनं हुंगलं आणि शिंगानं उडवलं. ते उठून टिकलीकडे गेलं, टिकलीनं घेतलं.
फ. हळूच म्हणाली, "ताई, याला म्हणतात बॅकअप."
आठ करडं, सात आया, पाऊण तास. नववं निघालं चोरटं. दिसेल तिच्याखाली शिरत होतं, ढुशी खात होतं आणि पुन्हा शिरत होतं. पाचसहा घरची भिक्षा झाली. एक शेळी आहे, सारखी ओरडते म्हणून तिचं नाव मास्तरीण; तिनं त्याला थोडं पिऊ दिलं, पण ती सगळ्यांनाच पिऊ देते.
एजंटनं विचारलं, "नवव्याची आई मास्तरीण असं लिहू?"
मला वाटलं, लिही म्हणतील. तिसरी पिढी नऊची नऊ पुरी झाली असती, कुणाला कळणार होतं.
"नगं. न्हाई माईत असं लिव."
"अंदाज नको?"
"अंदाज न्हाई म्हनलं ना. न्हाई माईत."
 परत येताना बीड दिसू लागल्यावर फ. म्हणाली, "माझ्या प्रोग्रामात 'माहीत नाही' असा पर्यायच नव्हता, ताई. आजच घातला, तिथं उभ्या उभ्या."

२० नोव्हें., गुरु.
नवा शब्द शोधायचा. सकाळपासून फळ्यावर शब्दांची मयतं.
'हटवणे': अतिक्रमण हटवतात, शेळी नाही. 'मिटवणे': इकडे भांडण मिटवतात, डोळे मिटतात. 'रद्द': एस.टी.ची फेरी. 'वजा करणे': फ. म्हणाली, यात मला गणिताचे सर दिसतात. 'वाढवणे': मीच सुचवला. नारळ वाढवतात, बांगड्या वाढवतात, म्हणजे फोडतातच. फ.नं माझ्याकडे असं बघितलं की खडू खाली ठेवला. अजून एक कळप जायचा.
'पुसणे' लिहिलं आणि तिथंच थांबले. हात पदराला पुसत बाई काय म्हणाल्या होत्या? मला पुसायचं व्हतं की वं. पाच दिवस ते वाक्य डोक्यात फक्त दोष म्हणून फिरत होतं. त्यात अख्खं पान होतं. आमच्याकडं पुसणं म्हणजे मिटवणं, आणि पुसणं म्हणजे विचारणं. एकच शब्द. आज्जीची पिढी तर विचारणं म्हणतच नव्हती.
फळ्यावर लिहिलं: पुसण्याआधी पुसावे.
फ.नं वाचलं, ओठ हलवले आणि म्हणाली, "आमच्यात पण होतं की. पूछ के पोंछ." दोघी शाळकरी पोरींसारख्या हसलो.
मग ती शुद्धीवर आली. "पण ताई, पुन्हा दोन अर्थांचाच शब्द?"
"हो. पण ह्या वेळी मला माहीत आहे की दोन आहेत."
पान नव्यानं लिहिलं. साधनाचं नाव: डिलीट. लिहिलं. हात झडला नाही. खाली:
"'काढ' म्हणजे दाखव. फक्त 'काढ' म्हटल्याने हे साधन वापरू नये. पुसण्याआधी पुसावे: कोणाची नोंद, किती नोंदी, तिच्यावर आणखी कोणाकोणाचे नाव टांगलेले आहे, आणि ती परत येणार नाही, हे सांगून पुसावे. ज्या उत्तराचे दोन अर्थ होतात ते उत्तर नव्हे. पुन्हा पुसावे. वाट पाहणे ही चूक नाही."
शेवटचं वाक्य फ.नं घालायला लावलं. म्हणाली, हे लिहिलं नाही तर त्याला वाटतं काहीतरी करायलाच पाहिजे.
चाचणीत वीस जणींच्या बोलण्याच्या वीस तऱ्हा घातल्या. एकही नोंद न पुसता पुसली गेली नाही. (हे वाक्य मुद्दाम असंच ठेवते.)

२४ नोव्हें., सोम.
डॉक्टर आले. बारीक, चष्मा, बुटाला माती लागू नये म्हणून दगडावरून दगडावर. शेळ्यांचे कान मोजले, दात बघितले, राणीचा फाटका कान दोन्हीकडून बघितला. मग फोनवरच्या नोंदी. बोट एका जागी थांबलं.
"ही आठ करडं एकाच दिवशी नोंदवलीत? एकाच तासात?"
सुंदराबाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे बोला.
बोलले. काढणे, पान, शून्य, डाल, सगळं. बारा वर्षं सरकारी माणसांना त्यांच्या चुका सांगितल्या, स्वतःची सांगायची ही पहिलीच वेळ. अवघड असतं. त्यांना इतकं अवघड जात असेल असं कधी वाटलं नव्हतं.
डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग खाली सरकून नववी ओळ वाचली. "आई: माहीत नाही."
"हे कोणी लिहिलं?"
"मी लिवाया लावलं," सुंदराबाई. "न्हाई माईत तं न्हाई माईत."
डॉक्टर पहिल्यांदा हसले. "बाई, मी जिथं जातो तिथं लोकांना सगळं माहीत असतं. पणजोबा बोकडाचं लग्नसुद्धा माहीत असतं." मग म्हणाले, दाखवा पुन्हा. करडं सोडून दाखवा. दुपारची वेळ होती, करडं पोटभर प्यायलेली, दोन तर तिथंच झोपली. सहा गेली आपापल्या आयांकडे. एक डॉक्टरांच्या बुटाकडे गेलं.
"कळवतो," म्हणाले जाताना.
सुंदराबाई: "कळवतो म्हंजी?"
मी: "याचा अर्थ त्यांनाच पुसावा लागेल."

२५ नोव्हें., मंगळ.
वकीलसाहेब नवं पान वाचत होते, चष्मा कपाळावर. म्हणाले, "कायद्यात याला सुनावणीची संधी म्हणतात. शंभर पानं लागतात." माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं परीक्षण. रविवारच्या सदराचा विषय निघाला, म्हणाले, परत सुरू कर. बघू म्हटलं. खरं तर घाई नाही. टोमणे साठत नाहीयेत सध्या. वय झालं, की काम बरं चाललंय, कोण जाणे.
पुढच्या महिन्यात माजलगाव तालुक्यातले चाळीस कळप जोडणार आहेत. तेही हेच पान वाचणार. म्हणजे एजंट वाचणार. एक शब्द बदलायचा राहिला असेल का म्हणून पाच वेळा वाचलं. सहाव्यांदा वकीलसाहेबांनी कागद काढून घेतला. (काढून घेतला. पुसला नाही.)

२९ नोव्हें., शनि.
राणी गेली. काल दुपारी, माळावर, बसल्या बसल्या. सगळ्यांच्या पुढे.
मला सकाळी ऑफिसात कळलं, फ.च्या स्क्रीनवरून. संवाद असा:
"ऐक. राणी गेली."
"राणी गेल्याचं नोंदवलं. वाईट झालं. तिची नोंद तशीच ठेवू, की पुसून टाकू? तिच्या खाली टिकली, नकटी, चांदी धरून सतरा नावं आहेत. पुसली तर परत येणार नाही."
 मग सुंदराबाई:
"पुस."
एवढंच. त्यावर एजंट:
"पुसून टाक म्हणता, की मी अजून काही पुसावं म्हणता?"
 नोंदीसमोर लिहिलंय: उत्तराची वाट पाहत आहे.
फ. म्हणाली, "ताई, पुसून टाकली तर पहिली पिढीच जाईल. अजून डॉक्टरांचं पत्र आलेलं नाही. फोन करून विचारा ना एकदा."
केला. सुंदराबाई बऱ्या होत्या. टिकली आता सगळ्यांच्या पुढे बसायला लागलीय म्हणाल्या, सकाळीच मास्तरीण आडवी गेली तर ढुशी दिली तिला. चोरट्याला सगळ्याच पाजतात, तोच सगळ्यांत गुबगुबीत झालाय. मुलानं शेडसाठी पत्र्यांचं विचारून ठेवलंय, नुसतं विचारून. डॉक्टरांनी अजून कळवलं नाही. मला म्हणाल्या, संक्रांतीला या, त्या पोरीला बी आना. चांगला पाऊण तास बोललो. राणीचं नाव त्यांनी काढलं नाही.
फोन ठेवला. फ. बघत होती. स्क्रीनवर अजून तेच: वाट पाहत आहे. माझ्या बाजूनं एक बटण दाबलं तर प्रश्न बंद होतो, नोंद ठेवून किंवा पुसून. त्या बटणाची माहिती मीच लिहिलीय.
दाबलं नाही. मीही पुसलं नाही.